प्रौढांना शिकवतो कोण? वर्धा जिल्ह्यातील प्रौढ शिक्षकांच्या मूळ व्यवसायांचा मागोवा

विशेष प्रतिनिधी, वर्धा

प्राथमिक शाळेतील शिक्षक कोण, त्याने कोणती पदविका घेतली, कोणती पात्रता परीक्षा दिली आणि त्याची वेतनश्रेणी काय, हे शासनाच्या दप्तरात नोंदलेले असते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात खडू हाती घेणाऱ्याची अशी ओळख कोठेच सापडत नाही. तो कधी निवृत्त सैनिक असतो, कधी महाविद्यालयीन विद्यार्थी, कधी दिवसभर शाळेत शिकवून आलेला गुरुजी, तर कधी बचत गटाची हिशेबवही सांभाळणारी गृहिणी. प्रौढ शिक्षण हा त्याचा व्यवसाय नसतो. आपला मूळ व्यवसाय सांभाळून किंवा तो सोडून तो येथवर आलेला असतो.

वर्धा जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. नई तालीमची योजना येथे आकाराला आली, राष्ट्रभाषेचा प्रचार येथून झाला आणि ग्रामोद्योगांचे प्रशिक्षणही येथेच सुरू झाले. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाख ७७४ आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८७ टक्के होते. राज्यातील अनेक जिल्ह्यांच्या तुलनेत हे चित्र चांगले असले, तरी सात वर्षांवरील लोकसंख्येचा हिशेब केल्यास त्या वेळी दीड लाखाच्या घरातील माणसे अक्षरओळखीबाहेर होती. त्यांच्यापर्यंत कोण पोहोचले, ते कोणत्या व्यवसायातून आले आणि त्यामुळे शिकवण्यात काय फरक पडला, याचा हा आढावा.

नावे बदलली, काम तेच

प्रौढांना शिकवणाऱ्यासाठी मराठीत एकच स्थिर शब्द नाही, ही गोष्टच बोलकी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत ‘समाज शिक्षण’ हा शब्द रूढ होता आणि काम करणारा बहुधा ‘गुरुजी’च असे. १९७८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो ‘केंद्रचालक’ झाला. १९८८ नंतरच्या साक्षरता मोहिमेत त्याला ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. जनशिक्षण निलयम् आणि पुढे लोक शिक्षण केंद्रांत तो ‘प्रेरक’ होता. आताच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात तो पुन्हा ‘स्वयंसेवक’ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यावर तर ‘प्रौढ शिक्षण’ या शब्दाऐवजी ‘सर्वांसाठी शिक्षण’ हा शब्दप्रयोग स्वीकारण्यात आला.

प्रत्येक नावामागे शिक्षकाविषयीची एक कल्पना दडलेली आहे. गुरुजी म्हटले की पगार आणि प्रतिष्ठा आली. केंद्रचालक म्हटले की मानधन आणि हजेरीपट आला. स्वयंसेवक म्हटले की मानधनाचा प्रश्नच मिटला. पण काम मात्र तेच राहिले. दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या माणसाला संध्याकाळी अक्षर आणि आकडा शिकवायचा.

अशा कामाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १८५५ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व कामकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. दिवसा मुलींना शिकवणारे हेच दांपत्य रात्री मोठ्या माणसांना शिकवीत होते. शिक्षकाने दुसरी पाळी म्हणून प्रौढ वर्ग घ्यावा, हा पायंडा तेव्हापासूनचा म्हणता येईल.

सेवाग्राम : सोडलेल्या व्यवसायांची शाळा

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. समितीच्या सदस्यांची यादी व्यवसायांच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. जे. सी. कुमारप्पा हे हिशेब तपासनीस होते. कृष्णदास जाजू आणि किशोरलाल मश्रुवाला यांची मूळ वाट वकिलीची होती. के. टी. शहा अर्थतज्ज्ञ होते, तर विनोबा भावे आणि काका कालेलकर हे आश्रमातील शिक्षक होते. शिक्षणशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले के. जी. सैयदैन यांच्यासारखे सदस्य त्या मानाने थोडे होते.

१९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाची धुरा ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी आर्यनायकम् यांनी वाहिली. आर्यनायकम् मूळचे सिलोनचे. शांतिनिकेतनात रवींद्रनाथ ठाकुरांचे सचिव म्हणून काम केल्यानंतर ते वर्ध्यास आले आणि तेथील मारवाडी विद्यालयाचे, म्हणजेच पुढच्या नवभारत विद्यालयाचे, मुख्याध्यापक झाले. आशादेवीही शांतिनिकेतनात अध्यापन करून आल्या होत्या.

नई तालीमचा आरंभ ७ ते १४ वर्षांच्या मुलांपासून झाला. प्रौढांना तिच्यात औपचारिक स्थान मिळाले ते जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून आलेल्या गांधीजींनी नई तालीमचा विस्तार संपूर्ण आयुष्याएवढा करावा असे सुचवले. त्यानुसार पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढ शिक्षण असे चार टप्पे ठरले. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमातही प्रौढ शिक्षण हे एक स्वतंत्र कलम होते. अक्षरओळख हे त्यातील दुसरे पाऊल होते. आपला देश, आपले अधिकार आणि आपली जबाबदारी यांची तोंडी शिकवण हे त्यांच्या मते पहिले पाऊल होते.

साहजिकच अशा शिक्षणासाठी लागणारा शिक्षकही वेगळा होता. सफाई, पाणी, आरोग्य, सूतकताई, सण-उत्सव आणि ग्रामव्यवस्था हे त्याचे विषय होते. १९४९ मध्ये सेवाग्रामला आलेल्या मार्जोरी साइक्स यांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकलेल्या साइक्स यांनी १९२८ पासून मद्रासच्या मुलींच्या शाळेत आणि नंतर शांतिनिकेतनात अध्यापन केले होते. सेवाग्रामात त्यांच्याकडे नई तालीमच्या शिक्षकांना घडवण्याचे काम आले. वाङ्मयाच्या अध्यापिकेला सूत, शेती आणि सफाई यांतून धडा कसा निघतो, हे आधी स्वतः शिकावे लागले असणार, हे उघड आहे.

याच परंपरेत ठाकुरदास बंग यांचे नाव घ्यावे लागेल. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. उच्च अभ्यासासाठी अमेरिकेला जाण्याच्या बेतात असताना गांधीजींनी त्यांना खेड्यात जाण्यास सांगितले. बंग यांनी परदेशगमनाचा बेत सोडला आणि आपल्या विद्यार्थ्यांसह खेड्यात जाऊन राहिले. पुढे प्राध्यापकी सोडून ते सर्वोदयाच्या कार्यात गेले.

या पिढीचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्यातील बहुतेकांना गमावण्यासारखे काही होते आणि ते त्यांनी स्वेच्छेने गमावले. त्यांचा त्याग हा त्यांच्या शिकवण्याचा अधिकार ठरला. त्याचबरोबर या प्रतिमानाची एक मर्यादाही स्पष्ट झाली. त्यागावर उभा राहिलेला शिक्षक हजारोंच्या संख्येने निर्माण करता येत नाही.

मगनवाडी : कारागीर हाच मास्तर

डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते. त्याचे सूत्रधार कुमारप्पा यांनी लंडनमध्ये हिशेब तपासनिसाचे प्रशिक्षण घेतले होते, मुंबईत व्यवसाय केला होता आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला होता. मगनवाडीच्या ग्रामसेवक विद्यालयात तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन यांसारखे उद्योग शिकवले जात. शिकणारे सारे प्रौढ होते.

येथे शिक्षकाची पात्रता हाताच्या कसबावर ठरत असे. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर ओळखली गेली. ज्याने घाणीत सुधारणा केली, त्यानेच ती चालवण्याचे शिक्षणही द्यावे, असा हा साधा व्यवहार होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झालेले मगन संग्रहालय हेही याच विचाराचे फलित होते. पाहून शिकण्याची सोय प्रौढांसाठी पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते, हा त्यामागील अनुभव होता.

ही परंपरा पुढेही टिकली. १९७६ मध्ये डॉ. देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची स्थापना केली. प्रयोगशाळेतील तंत्र खेड्यातील कारागिरापर्यंत नेणे हा त्याचा हेतू होता. मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था ही आज त्याच जागेवरून प्रशिक्षणाचे काम करते. येथे शिकवणारे अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि कुशल कारागीर स्वतःला प्रौढ शिक्षक म्हणवून घेत नाहीत. परंतु त्यांच्यासमोर बसलेला शिकाऊ प्रौढच असतो.

राष्ट्रभाषेचे प्रचारक

प्रौढ शिक्षकांचा आणखी एक वर्ग सहसा या चर्चेत येत नाही. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने हिंदीतर प्रांतांत परीक्षांचे मोठे जाळे उभे केले. ‘राष्ट्रभाषा कोविद’ आणि ‘राष्ट्रभाषा रत्न’ या तिच्या परीक्षांची प्रमाणपत्रे विदर्भातील अनेक घरांत आजही जपून ठेवलेली आढळतील. या परीक्षांचे वर्ग ‘प्रचारक’ चालवीत.

समितीचे प्रधानमंत्रिपद दीर्घकाळ सांभाळणारे भदन्त आनंद कौसल्यायन हे बौद्ध भिक्षू होते. गावोगावच्या प्रचारकांत शाळामास्तर, कारकून, गृहिणी असे सर्व प्रकारचे लोक असत. त्यांच्यातील अनेकांनी आधी स्वतः परीक्षा दिली आणि मग वर्ग सुरू केला. काल शिकलेल्याने आज शिकवावे, ही पद्धत साक्षरता मोहिमांनी पुढे उचलली. प्रचारकांना तिची सवय बऱ्याच आधीपासून होती. शिवाय येथे शिकणाऱ्याच्या हाती परीक्षेचे प्रमाणपत्र पडत असे. त्यामुळे वर्गात टिकून राहण्याचे कारण त्याच्याजवळ होते.

गुरुजींची दुसरी पाळी

वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होता. त्यानंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. स्वातंत्र्यानंतर दोन्ही राज्यांत समाज शिक्षणाचे काम प्रामुख्याने प्राथमिक शिक्षकांच्या खांद्यावर पडले.

१९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढील काही वर्षांत राज्यभर पसरली. गावातील प्राथमिक शिक्षकाने संध्याकाळी वर्ग घ्यायचा, गावकऱ्यांनी दिवाबत्तीपासून सर्व साहाय्य करायचे आणि गाव साक्षर झाल्यावर ‘ग्रामगौरव’ समारंभ करायचा, असे तिचे स्वरूप होते. अल्प खर्च आणि लोकसहभाग हे या मोहिमेचे बळ होते.

प्राथमिक शिक्षकाची जमेची बाजू उघड आहे. त्याला अक्षर शिकवण्याचे तंत्र अवगत असते, गावात त्याला मान असतो आणि शाळेची इमारत त्याच्या हाताशी असते. अडचणही तितकीच उघड आहे. मुलांना शिकवण्याची लकब मोठ्यांना चालत नाही. चाळिशीच्या शेतकऱ्याला ‘क कमळाचा’ म्हणून दटावता येत नाही. त्याला कर्जाचा कागद, सातबाऱ्याचा उतारा, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर आणि बसची पाटी वाचायची असते. दुसरे असे की, मोहीम ओसरली की गुरुजी आपल्या मूळ कामाकडे परततो. जनगणना, निवडणूक आणि सर्वेक्षणे यांच्या यादीत प्रौढ वर्ग हे आणखी एक ‘अशैक्षणिक काम’ होऊन बसते.

१९७८ : पन्नास रुपयांचा शिक्षक

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातील १० कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. सुमारे ३० प्रौढांचे एक केंद्र, त्यासाठी एक केंद्रचालक आणि साधारण ३० केंद्रांवर एक पर्यवेक्षक अशी रचना ठरली. केंद्रचालकाचे मानधन दरमहा ५० रुपये होते. महिन्यातून २५ दिवस वर्ग भरला, तर रोजचे दोन रुपये.

प्रौढ शिक्षकांच्या व्यावसायिक पार्श्वभूमीचा स्पष्ट विचार करणारा हा पहिला मोठा सरकारी दस्तऐवज म्हणता येईल. केंद्रचालक कोणांतून निवडावेत, याचे प्रवर्ग त्यात दिलेले होते. ते असे :

शालेय शिक्षक : अध्यापनाचे प्रशिक्षण तयार असते. परंतु वेळेची ओढाताण होते आणि वर्गाला ‘शाळे’चे रूप येण्याची भीती असते.

विद्यार्थी : उत्साह मोठा असतो. परीक्षा आणि सुट्या यांमुळे सातत्य राहत नाही. वर्ध्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न असल्याने राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी हा येथील मोठा स्रोत राहिला.

गावातील युवक : भाषा, नाती आणि वेळ या तिन्ही दृष्टींनी ते सोयीचे असतात. मात्र त्यांचे स्वतःचे शिक्षण मर्यादित असते आणि नोकरी मिळताच ते गाव सोडतात.

माजी सैनिक व निवृत्त कर्मचारी : शिस्त, अनुभव आणि मोकळा वेळ त्यांच्यापाशी असतो. निवृत्तिवेतनामुळे मानधनाचा प्रश्न गौण ठरतो. महिलांच्या वर्गासाठी मात्र त्यांचा उपयोग मर्यादित असतो.

क्षेत्रीय शासकीय कर्मचारी : ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांसारख्यांना विषयाचे ज्ञान असते. त्यांच्यापाशी वेळ कमी असतो आणि बदलीची टांगती तलवार असते.

स्वयंसेवी कार्यकर्ते : निष्ठा असते. संस्थेचा निधी आटला की कामही आटते.

पुरुषप्रधान गावात महिलांचे वर्ग महिलेनेच घ्यावेत हे सर्वांना मान्य होते. अडचण अशी होती की, ज्या गावात महिला निरक्षरांची संख्या मोठी, त्याच गावात शिकवू शकणारी शिकलेली महिला मिळणे कठीण असे. जेथे गरज अधिक तेथे शिक्षक कमी, हा पेच त्या काळात सुटला नाही.

मोहिमेची लाट

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली. ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळातील एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर घोषित झाला आणि देशभर जिल्हानिहाय मोहिमांची लाट आली. महाराष्ट्रात सिंधुदुर्गासह ज्या जिल्ह्यांनी सुरुवातीच्या काळात संपूर्ण साक्षरता मोहीम हाती घेतली, त्यांत वर्धा होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा साक्षरता समिती, कलाजथे, पदयात्रा आणि घरोघरचे सर्वेक्षण असे तिचे स्वरूप होते.

शिक्षकाच्या दृष्टीने या मोहिमेने मोठा बदल केला. मानधन रद्द झाले. एका स्वयंसेवकामागे साधारण दहा शिकणारे, तीन भागांची वाचनपुस्तिका आणि सुमारे २०० तासांचा अभ्यासक्रम असे गणित बसवण्यात आले. प्रशिक्षणाची उतरंड तयार झाली. वरच्या पायरीवर साधन व्यक्ती, मध्ये मुख्य प्रशिक्षक आणि खाली स्वयंसेवक. वरच्या दोन पायऱ्यांवर प्राध्यापक, माध्यमिक शिक्षक आणि चळवळीतील कार्यकर्ते असत. प्रत्यक्ष वर्ग घेणारे मात्र बहुधा शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली आणि नोकरीच्या प्रतीक्षेतील तरुण असत.

या लाटेने मोठा जनसमुदाय कामाला लावला, हे नाकारता येणार नाही. अनेक तरुणींसाठी संध्याकाळी घराबाहेर पडून चार माणसांसमोर बोलण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मात्र लाट ओसरल्यावर हे शिक्षक विखुरले. त्यांनी मिळवलेला अनुभव कोणत्याही सेवापुस्तकात नोंदला गेला नाही आणि पुढच्या कार्यक्रमाने पुन्हा नवख्यांपासूनच सुरुवात केली.

प्रेरक आले, वर्धा वगळले

८ सप्टेंबर २००९ रोजी ‘साक्षर भारत’ कार्यक्रम सुरू झाला. ग्रामपंचायत पातळीवर लोक शिक्षण केंद्र आणि तेथे दोन प्रेरक, प्रत्येकी दरमहा २,००० रुपये मानधन, अशी त्याची रचना होती. परंतु २००१ च्या जनगणनेनुसार प्रौढ महिलांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी असलेले जिल्हेच प्रामुख्याने त्यासाठी निवडले गेले. वर्धा या निकषाच्या बराच वर असल्याने या योजनेबाहेर राहिला.

नियमाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण त्याचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागेल. ज्या जिल्ह्याने आधी चांगले काम केले, त्याच्या वाट्याला मानधन असलेला प्रेरक आला नाही. उरलेले निरक्षर बहुतांशी वयस्क, स्त्रिया, शेतमजूर आणि तांड्या-पोडांवरील कुटुंबे. त्यांच्यापर्यंत पोहोचणे अधिक अवघड आणि त्यासाठी लागणारा माणूस अधिक अनुभवी हवा. इतर जिल्ह्यांतील प्रेरकांचीही स्थिती फार निराळी नव्हती. ३१ मार्च २०१८ रोजी हा कार्यक्रम संपला आणि त्यांचे मानधनही थांबले.

‘उल्लास’मधील शिक्षक

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राने ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ मंजूर केला. त्याचा एकूण खर्च १,०३७.९० कोटी रुपये आणि उद्दिष्ट पाच कोटी शिकणारे. पुढे त्याला ‘उल्लास’ हे नाव मिळाले. १५ वर्षांवरील कोणीही निरक्षर व्यक्ती यात नोंदणी करू शकते. महाराष्ट्रात शिक्षण संचालनालय (योजना) ही यंत्रणा कार्यक्रम राबवते आणि शाळा हे त्याचे केंद्र मानले आहे. १७ मार्च २०२४ रोजी राज्यात पहिली मूल्यमापन परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण आणि उत्तीर्णतेसाठी ३३ टक्के अशी तिची पद्धत आहे.

शिकवणारे सारे स्वयंसेवक आहेत आणि त्यांना मानधन नाही. विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेतील तरुण, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, गृहिणी यांपैकी कोणीही मोबाइलवरील अ‍ॅपवर नोंदणी करून शिकवू शकतो. नातवाने आजीला शिकवावे, अशीही त्यात सोय आहे. १९७८ च्या यादीत नसलेला ‘घरातील माणूस’ हा नवा शिक्षक येथे प्रथमच अधिकृतपणे आला, ही नोंद महत्त्वाची आहे. नोंदणी आणि सर्वेक्षणाचा भार मात्र शाळांवर पडला. २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक संघटनांनी हे अशैक्षणिक काम असल्याचे सांगून सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता. गुरुजींच्या दुसऱ्या पाळीचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला तो असा.

नाव निराळे, काम प्रौढ शिक्षणाचे

केवळ साक्षरता वर्ग मोजले तर जिल्ह्यातील प्रौढ शिक्षकांचे चित्र अपुरे राहील. आज मोठ्या माणसांना शिकवणाऱ्यांत अन्य व्यवसायांतील लोकच अधिक आहेत.

आरोग्याच्या क्षेत्रात डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे उदाहरण ठळक आहे. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि गावात शिबिरासाठी राहते. भावी डॉक्टरांना बोलीभाषेत आजार समजावून सांगण्याची सवय येथे लागते. २००५ नंतर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्या हा त्याच साखळीतील गावपातळीचा दुवा आहे.

शेतीत सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ आणि कृषी सहायक शेतीशाळा घेतात. कपाशीवरील कीड ओळखणे, फवारणीचे प्रमाण मोजणे, औषधाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ समजणे हे धडे जीवनमरणाचे आहेत. वाचता न येणाऱ्या फवारणी करणाऱ्या मजुरासाठी ते अधिकच.

बचत गटांच्या क्षेत्रात तर शिक्षक आणि शिकणारी यांतील अंतर जवळजवळ पुसले गेले आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या ‘सहयोगिनी’ आणि ‘उमेद’ अभियानातील ‘वर्धिनी’ यांपैकी पुष्कळ जणी स्वतः गटाच्या सदस्य होत्या. ‘उमेद’च्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता आणि येथील अनुभवी महिलांनी इतर जिल्ह्यांतील गावांत मुक्काम करून गट उभारणीचे धडे दिले. हिशेबवही, बैठकीचा ठराव, बँकेची स्लिप हे त्यांचे पाठ्यपुस्तक. ज्या गावात शिकवू शकणारी महिला मिळत नाही असा १९७८ चा पेच होता, त्याला मिळालेले हे उशिराचे, पण खरे उत्तर आहे.

उच्च शिक्षणात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर नोकरदार, गृहिणी आणि शेतकरी पदवीचा अभ्यास करतात. तेथील समंत्रक बहुधा नियमित महाविद्यालयांतील प्राध्यापकच असतात. पुन्हा तीच दुसरी पाळी.

जगाचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपला नाही. क्युबाने १९६१ मध्ये सुमारे एक लाख विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवले आणि त्यांच्या जोडीला कामगार व शिक्षक यांचीही पथके उभारली. ब्राझीलचे पावलो फ्रेअरे यांचे शिक्षण कायद्याचे होते आणि त्यांनी शाळेत पोर्तुगीज भाषा शिकवली होती. १९६३ मध्ये अंगिकोस या गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे ३०० श्रमिकांना साक्षर करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा वर्ग घेणारे विद्यापीठाचे विद्यार्थी होते. शिकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातील शब्दांपासून सुरुवात करावी, हा त्यांचा आग्रह होता. सेवाग्रामने आपल्या पद्धतीने, सूत आणि शेतीच्या वाटेने, तेच सांगितले होते.

महाराष्ट्रात या विचाराला संस्थात्मक रूप देण्याचे काम जे. पी. नाईक आणि डॉ. चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेने केले. चित्राताईंनी शिक्षण संचालकपद भूषवले होते. प्रौढ शिक्षकाला वेगळे प्रशिक्षण हवे, ही जाणीव त्यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी सातत्याने मांडली.

पार्श्वभूमी महत्त्वाची का?

या सर्व आढाव्यातून तीन गोष्टी पुढे येतात.

पहिली, शिक्षकाचा मूळ व्यवसाय अभ्यासक्रम ठरवतो. हिशेब तपासनीस अर्थव्यवहार शिकवतो, गुरुजी बाराखडी शिकवतो, परिचारिका पाणी उकळायला शिकवते आणि गटाची महिला व्याजाचा हिशेब शिकवते. छापील पुस्तिका एकच असली तरी वर्गात प्रत्यक्ष उतरते ते शिक्षकाचे अनुभवविश्व. म्हणून एका गावासाठी एकाच प्रकारचा शिक्षक पुरत नाही.

दुसरी, शिकणाऱ्याच्या जवळचा शिक्षक अधिक टिकतो. सैनिक, विद्यार्थी, शासकीय कर्मचारी हे येतात आणि जातात. गावात राहणारी, तीच शेते आणि त्याच विहिरी ओळखणारी व्यक्ती मागे उरते. वर्ध्यातील वर्धिनी आणि आशा कार्यकर्त्या यांचा अनुभव याच बाजूने कौल देतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. प्राथमिक शिक्षकासाठी पदविका आणि पात्रता परीक्षा आहे, ‘आशा’साठी किमान शिक्षणाची अट आणि कामावर आधारित मोबदला आहे. प्रौढ शिक्षकासाठी यांपैकी काहीच नाही. ५० रुपयांपासून सुरू झालेला मानधनाचा प्रवास २,००० रुपयांपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आला. सेवाभाव हा गुण आहे. परंतु शासनाने तो गृहीत धरला की, त्याची किंमत शिकणारा मोजतो. वर्ग बंद पडतो, अर्धवट ओळखलेली अक्षरे विसरली जातात आणि अंगठा पुन्हा शाईत बुडतो.

स्वयंसेवकाच्या कामाची नोंद ठेवणारे अधिकृत प्रमाणपत्र, शिक्षक भरतीत किंवा अंगणवाडी, आशा यांच्या निवडीत त्या अनुभवाला गुण, काही दिवसांचे खरे प्रशिक्षण आणि वर्ग घेणाऱ्याच्या प्रवासखर्चाची तरी सोय, एवढ्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. त्या झाल्या तर दर दहा वर्षांनी नव्याने शिक्षक शोधण्याची वेळ येणार नाही. ज्या जिल्ह्यात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापासून तेलघाणीच्या कारागिरापर्यंत सर्वांनी प्रौढांसाठी वर्ग घेतले, तेथे शिकवणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. उणीव राहिली ती त्यांना ओळख देणाऱ्या व्यवस्थेची.